मिठाची बादली

आषाढी पौर्णिमेला भंते आले
रेणापूर फाट्यावरून पायी.
एक छत्री, एक पात्र, खांद्याला झोळी.
विहाराच्या मागच्या खोलीतलं सिमेंट
आणि मांडवाचे बांबू बाहेर काढून
आम्ही जागा केली.
तीन महिने आता हेच त्यांचं गाव.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं,
पावसाळ्यात भिक्खू चालायचे का थांबले.
पायाखाली कोंब येतात,
जीव येतात, नजरेला न दिसणारे.
लोक म्हणाले, पाखरंसुद्धा बसतात घरटं धरून,
हे कुठं निघाले तुडवत?
चौत्राबाईनं माझ्या मांडीला चिमटा काढला.
तिची बोटं अजून चिकट होती.

यंदा गोगलगाई आल्या होत्या.
सोयाबीन दोन पानांवर,
सकाळी बघावं तर नुसते देठ.
मालकानं रोज लावला, तीनशे रुपये.
पहाटे यायचं, ऊन चढायच्या आत वेचायच्या,
बादलीत टाकायच्या. बादलीत मीठ.
मीठ मालकाचं.
बादली आपली.

मिठात गोगलगाय ओरडत नाही.
फेस येतो फक्त,
आणि एक बारीक आवाज, कान लावला तर.
मी एकदाच लावला.

घरात दुसरी बादली नव्हती.
हीच राखेनं घासून
भंतेंच्या अंघोळीला पाणी भरायचे.

सात वाजता पांढरं पातळ नेसून विहारात.
पाणातिपाता वेरमणी…
पहिल्या शीलाला मी नुसते ओठ हलवायचे.
उरलेली चार मोठ्यानं.
मग ग्रंथ वाचायचा. ते माझ्याकडं,
कारण सातवी पास.
चष्मा सासऱ्याचा.

एका रात्री चौत्राबाईनं विचारलंच,
"भंतेजी, दिवसाला पाचशे मारते मी. मोजल्यात.
हे कुणाच्या खाती?
माज्या, का मालकाच्या,
का मिठाच्या?"
कुणी हसलं नाही.
भंतेंनी डोळे मिटले.
तेवढ्यात लाईट गेली
आणि प्रश्न अंधारात तसाच बसून राहिला
पाठीवर घर घेऊन.

दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे उठून
विहाराच्या भिंतीवरच्या गोगलगाई
एकेक उचलायचे, पळसाच्या पानावर घ्यायचे,
ओढ्यापलीकडं नेऊन सोडायचे.
ओढ्यापलीकडं मालकाचं सोयाबीन.
आम्ही लांबून बघायचो, बादल्या हातात.

भाद्रपदात त्या गेल्या,
न सांगता आल्या तशाच, मातीत.
रोजही गेला.

अश्विन पौर्णिमेला पवारणा.
ही गोष्ट भिक्खूंनी भिक्खूंना विचारायची.
पण दुसरा भिक्खू जवळ नव्हता,
म्हणून भंते आमच्यासमोर उकिडवे बसले,
खुरपायला बसतो आम्ही, तसे.
हात जोडले.
"दिसलं असेल, ऐकलं असेल, नुसती शंका आली असेल,
माझं काय चुकलं, सांगा."

पंख्याखाली उदबत्तीचा धूर मोडत होता.
धम्मदीप बोटं मोजत होता, उगाच.
चौत्राबाई उठली नाही, बसूनच बोलली,
"तुमी सोडायचात ना पलीकडं,
त्याच आमी वेचायचो."

भंते बराच वेळ उकिडवेच.
गुडघे थरथरले असावेत.
मग म्हणाले,
"अंघोळीचं पाणी ओठांना खारट लागायचं.
पहिल्या आठवड्यापासून.
मी विचारलं नाही."

आणि त्यांनी वाकून जमिनीला कपाळ टेकवलं.
आम्ही गडबडलो. असं कुणी
आमच्या पुढ्यात वाकलेलं नव्हतं.
साधू म्हणायचं का, तेही कळेना.
चौत्राबाईनं पदराला डोळे पुसले
आणि वर चिडून म्हणाली,
"उठा आता. जेवण गार व्हायलंय."

नवं चीवर घेऊन ते फाट्याकडं निघाले,
खाली बघत, सावकाश.
वाटेवर आता काही नव्हतं तुडवण्यासारखं.
तरी.

मी घरी येऊन बादली पुन्हा घासली,
नळाखाली धरली, काठोकाठ भरू दिली.
बोट बुडवून जिभेला लावलं.